परक्या लढाईतला सेनापती कसा जोखावा?

प्रश्न : आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी युक्रेनच्या युद्धावर चर्चा रंगते. एक जण एखाद्या सेनापतीला डोक्यावर घेतो, दुसरा त्यालाच मूर्ख ठरवतो. इथे बसून हे ठरवता येतं का?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : येतं, पण नुसत्या हारजितीवरून नाही. पुण्याचंच उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये सहावी पूना डिव्हिजन लढली. तिच्यात १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फन्ट्री, ११७ मराठा या पलटणी होत्या. सेनापती होता चार्ल्स टाउनशेंड, १८९५ मध्ये चित्रळचा किल्ला वेढ्यात राखून नावारूपाला आलेला.

सप्टेंबर १९१५ मध्ये त्याने तुर्कांकडून कूत हे गाव घेतलं. वरिष्ठ जनरल निक्सनला बगदाद हवं होतं. आहे एवढ्या फौजेवर पुढे जाऊ नये, कूतलाच थांबावं, असं टाउनशेंडने कळवलं होतं. तरी हुकूम झाला आणि तो निघाला. नोव्हेंबरात बगदादच्या वाटेवर टेसिफोनला त्याची साडेचार हजारांवर माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. ३ डिसेंबरला उरलेली फौज कूतला परतली. इथवरचा दोष मी निक्सनवर आणि त्याला मुभा देणाऱ्या सरकारांवर टाकेन.

पुढचा मात्र टाउनशेंडचाच. कूतला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा गावात धान्य किती, याची घरोघर झडती त्याने घेतली नाही. शिधा दोनेक महिने पुरेल, असं कळवून मोकळा झाला! त्या घाईत सुटकेला आलेल्या एल्मरने पुरती जमवाजमव न करता जानेवारीत चिखलात हल्ले चढवले. महिनाअखेरीस झडती झाली, तेव्हा आणखी ८४ दिवसांचा हिशेब निघाला. वेढा चालला १४७ दिवस. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली तेव्हा आत तेरा हजारांच्या आसपास माणसं होती. त्यांना सोडवायला आलेल्यांपैकी सुमारे तेवीस हजार मारले गेले वा जखमी झाले.

तेव्हा चर्चेत नकाशावरचे बाण जरा बाजूला ठेवा. हुकूम कोणाचा होता, सेनापतीने काय बजावलं होतं, शिधा-दारूगोळा त्याने स्वतः मोजून घेतला का, हे विचारा. अडचण एवढीच की युद्ध चालू असताना याची उत्तरं सहसा दडवलेली असतात. इराकच्या या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये आला आणि भारतमंत्री चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला. फजितीची खरी कारणं लोकांना कळली ती तेव्हा.

हरल्यावर सेनापती कसा वागतो, तेही पाहावं. कैद झालेल्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं, त्यांतले हजारो मेले. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि १९२० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडूनही आला.