उजळाईवाडीची धावपट्टी

रहाटणीत आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री जेवणानंतर पोरं जमतात. पश्चिमेकडून लोहगावला उतरणारी विमानं इथून चांगली दिसतात. धावपट्टी साधारण १२ किलोमीटर लांब, उतरण्याचा कोन ३ अंश. टॅन ३ म्हणजे ०.०५२, म्हणजे विमान धावपट्टीपेक्षा सुमारे ६३० मीटर उंचावर. हा हिशोब मांडत असतानाच माझा कोल्हापूरचा रूममेट म्हणाला, "आमच्यात पण हाय की विमानतळ!" "मग एस.टी.नं कशाला जातोस रे?" यावर सगळे हसले. पण प्रश्न डोक्यात राहिला.

कोल्हापूरचं विमानतळ शहराजवळ उजळाईवाडीला आहे. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत, १९३९ साली इथून विमानसेवा सुरू झाली. संस्थानाची हौस म्हणा की दूरदृष्टी! पुढे मात्र विमानं यायची, काही काळ टिकायची आणि बंद पडायची. किंगफिशरची मुंबई सेवासुद्धा अशीच गेली.

असं का होतं? आपण इंजिनिअरिंगवाले, तर आधी हवेपासून सुरुवात करू. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. प्रमाणित वातावरणात इतक्या उंचीवर तापमान धरतात ११ अंश सेल्सिअस. एप्रिलच्या दुपारी ३८ असेल तर फरक झाला २७ अंशांचा. दर अंशाला अंदाजे ३६ मीटर उंची वाढली असं समजायचं. २७ गुणिले ३६ म्हणजे ९७२, अधिक ६००. म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाला आपण दीड हजार मीटरच्याही वर आहोत असं वाटतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, बघा! हवा विरळ, त्यामुळे पंखांना तेवढीच उचल मिळायला वेग जास्त लागतो, त्यात इंजिनाची ताकदही घटते. पळायला जागा जास्त हवी.

आणि इथली जुनी धावपट्टी होती १,३७० मीटर. सत्तरेक प्रवाशांच्या एटीआर-७२ला समुद्रसपाटीवर, थंड हवेत, पूर्ण वजनानिशी साधारण १,३०० मीटर लागतात. मग उन्हाळ्यात काय करायचं? वजन कमी करायचं, म्हणजे खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या. पायलट, इंधन, अग्निशमन दल यांचा खर्च तोच, तिकिटं मात्र कमी. छोट्या विमानतळाचं खरं दुखणं हे. लोक म्हणतात प्रवासी नाहीत. माझ्या मते निम्मी गोष्ट डांबराच्या लांबीची आहे.

अग्निशमनाचंच घ्या. किती बंब ठेवायचे हे विमानाच्या लांबी-रुंदीवरून ठरतं, दिवसाला किती विमानं येतात यावरून नाही. एकच एटीआर येणार असली तरी तिच्या दर्जाची गाडी आणि माणसं सज्ज हवीतच.

२०१६ साली केंद्राची 'उडान' योजना जाहीर झाली. तासाभराच्या प्रवासाला काही खुर्च्यांचं भाडं २,५०० रुपयांच्या आसपास बांधून दिलं, आणि कंपनीला पडणारी तूट तीन वर्षं भरून द्यायचं ठरलं. त्यासाठीचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांकडून आकारला जातो. कोल्हापूरला २०१८ पासून याचा फायदा झाला. धावपट्टी १,९३० मीटर झाली, २०२२ मध्ये रात्री उतरण्याची परवानगी मिळाली, आणि १० मार्च २०२४ रोजी, पुण्याच्या नव्या टर्मिनलबरोबरच, कोल्हापूरच्याही टर्मिनलचं उद्घाटन झालं.

टर्मिनलचे फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले. धावपट्टीचे कुणी केले नाहीत! ती २,३०० मीटर करायची योजना आहे. एअरबस ३२०सारखं विमान पूर्ण वजनानिशी उडायला समुद्रसपाटीवरच २,००० मीटरच्या वर मागतं, तेव्हा उजळाईवाडीच्या उन्हात २,३०० सुद्धा काठावरच.

रूममेटला हा सगळा हिशोब दाखवला. त्यानं वही शांतपणे बघितली आणि म्हणाला, "बरं बरं. पण पुणं-कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटर. लोहगावला पोचून, तासभर आधी रांगेत उभं राहून, मग उडायचं? तेवढ्यात माझी एस.टी. कराडला पोचतीया." यावर मात्र माझ्याकडे सूत्र नव्हतं.