रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड

ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. तरी छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात आणि पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. रिपोर्टांची फाईल घेऊन येणारे असे पेशंट प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीचे आहेत. ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणून त्यांना घरी पाठवलं, तर जो आजार आहे तो तपासायचाच राहून जातो. तो आजार म्हणजे अँक्झायटी, चिंताविकार.

हा आजार मोजक्या हळव्या माणसांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी लोकांना चिंताविकार होता, आणि त्यांत ५ कोटी ८० लाख मुलं व किशोरवयीन होती. भारतात २०१७ साली ही संख्या साडेचार कोटींच्या घरात होती. कोविडच्या पहिल्या वर्षात जगभर हे प्रमाण साधारण २५ टक्क्यांनी वाढलं. त्याची सर्वाधिक झळ तरुणांना आणि स्त्रियांना बसली.

स्त्रियांमध्ये चिंताविकार पुरुषांपेक्षा जवळपास दीडपट ते दुप्पट आढळतो. बाळंतपणानंतरचे महिने आणि पाळी जाण्याचा काळ हे विशेष नाजूक. शरीरातले बदल हे एक कारण, पण घर, नोकरी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं असं सगळं एकाच डोक्यात सतत चालू असणं हेही कारणच आहे. ‘तुझा स्वभावच काळजी करण्याचा’ असं घरातले म्हणत राहतात आणि बाईलाही ते पटतं. उपचाराविना वर्षं जातात.

पुरुषांचे आकडे कमी दिसतात म्हणून त्यांनी निर्धास्त राहावं असं मला मुळीच वाटत नाही. पुरुष ‘भीती वाटते’ असं सहसा सांगत नाही. तो चिडतो, घरी अबोल होतो, झोप लागावी म्हणून संध्याकाळी दारू घेतो. दारूने त्या रात्रीपुरतं बरं वाटतं, पण नशा उतरली की धडधड आणि बेचैनी आणखी वाढते. अशा माणसाचं व्यसन सगळ्यांना दिसतं, त्यामागची चिंता कुणी विचारत नाही.

लहान मुलांचं नेमकं शाळेच्या वेळी पोट दुखतं, सुट्टीत दुखत नाही. वृद्धांची तक्रार चक्कर, गॅस, झोप न येणं अशी असते, आणि ‘वयामुळे होतं’ म्हणून ती बाजूला पडते.

मग काळजी आणि आजार यांतली रेघ कुठे ओढायची? परीक्षेआधी किंवा ऑपरेशनच्या आदल्या रात्री काळजी वाटणारच. पण कित्येक महिने, बहुतेक दिवस, आवरू म्हटलं तरी आवरत नाही आणि त्यापायी काम, झोप, जेवण, माणसांत जाणं बिघडतं, तेव्हा डॉक्टरांना भेटायलाच हवं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा : छातीत दुखू लागलं, धाप लागली, तर ती चिंताच असं घरी ठरवू नका. आधी हृदयाची तपासणी.

उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. विचारांची आणि वागण्याची सवय बदलणारी समुपदेशनाची पद्धत आहे, गरज पडल्यास औषधं आहेत. ही औषधं लागू पडायला काही आठवडे जातात, तेव्हा चार दिवसांत सोडू नका. उलट लगेच शांत करणारी झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय दुकानातून आणून रोज घेणं धोक्याचं आहे, तिची सवय लागते. आधीच रोज घेत असाल तर ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा. चहा-कॉफी कमी करा, रोज चाला.

जगात चिंताविकार असलेल्या चौघांपैकी जेमतेम एकालाच उपचार मिळतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.