सिकलसेल : बीजदोषाचे निदान आणि वैद्याची सावधता

यवतमाळ जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास पांडुता, नेत्रपीतता आणि वारंवार उद्भवणारा संधिशूल या तक्रारींचे रुग्ण नवे नाहीत. पांडू, कामला अथवा आमवात असे निदान करून औषधयोजना होते. तथापि ही लक्षणे एकाच बालकात वा तरुणात एकत्र आढळल्यास सिकलसेलचा विचार अगोदर व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात या व्याधीचे रेणवीय स्वरूप व त्यातून चिकित्सेस मिळणारा बोध आम्ही संक्षेपाने मांडत आहोत.

व्याधीचे मूळ

१९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे सिद्ध केले. पुढे व्हर्नॉन इन्ग्रॅम यांनी तो नेमका दाखविला. बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. अकराव्या गुणसूत्रावरील जनुकात एका अक्षराचा बदल, एवढेच याचे मूळ. प्राणवायू कमी पडताच असे रेणू एकमेकांस चिकटून तंतू बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते व सूक्ष्म रक्तवाहिन्या अवरुद्ध होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. पांडुता, पीतता आणि शूल या तिहींचे कारण असे एकच आहे.

हरणाच्या रक्तातील विळा

वन्यजीवशास्त्रातील एक नोंद येथे उद्बोधक ठरेल. आपल्या टिपेश्वर अभयारण्यातील चितळ व सांबर ज्या सारंग कुळातील, त्या कुळातील अनेक जातींच्या तांबड्या पेशी शरीराबाहेर काढल्यावर विळ्याचा आकार घेतात. जॉर्ज गलिव्हर यांनी हे १८४० मध्येच, म्हणजे हेरिक यांच्या ७० वर्षे आधी पाहिले होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्याचे कारण उलगडले. तेथेही ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिनच, मात्र बाविसाव्या स्थानी. हरणात पेशी वाकते ती प्राणवायू विपुल असताना, आणि त्यास व्याधी होत नाही. आकृती तीच, परंतु संप्राप्ती भिन्न. केवळ लक्षणसाम्यावरून निदान करणाऱ्यास याहून चांगला इशारा कोणता?

बीज आणि गोत्र

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज व बीजभाग यांच्या दुष्टीचा विचार आहे. सुश्रुताने आदिबलप्रवृत्त व्याधींचा स्वतंत्र वर्ग मानला आहे. याचा अर्थ प्राचीनांस जनुके ज्ञात होती असा नव्हे. परंतु मातापित्यांच्या बीजातून येणारा दोष ही कल्पना आपणास परकी नाही. माता व पिता दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’, असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य ‘एसएस’ रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के असते. गोत्र भिन्न असले म्हणून हा धोका टळत नाही. त्यासाठी विवाहापूर्वी दोघांचीही रक्ततपासणी आवश्यक. विदर्भातील आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत हा दोष विशेष आढळतो. तरीही तो कोणा एका समाजाचा रोग समजू नये.

चिकित्सेतील सावधता

१. प्रथम सोल्युबिलिटी चाचणी करून घ्यावी. ती वाहक व रुग्ण दोघांतही सकारात्मक येते; म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसीने निश्चिती करावी.

२. लोहकल्प सरसकट देऊ नयेत. पांडुतेचे कारण येथे पेशीनाश असून लोहन्यूनता असेलच असे नाही. वारंवार रक्त दिलेल्या रुग्णात लोहसंचय यकृत व हृदयास घातक ठरतो. फेरिटिन तपासून न्यूनता सिद्ध झाली तरच लोह द्यावे. नवायस लोह, पुनर्नवा मंडूर यांबरोबरच कामलेत सर्रास दिली जाणारी आरोग्यवर्धिनीही लोहभस्मयुक्त आहे, याचे विस्मरण नको.

३. वमन, विरेचन, तीव्र स्वेदन व लंघन यांनी जलक्षय होऊन शूलाचा वेग उद्भवू शकतो. रक्तमोक्षण तर वर्ज्यच. आपल्याकडील उन्हाळ्यात पुरेसे पाणी हेच पहिले पथ्य होय.

४. ज्वर, उरःशूल व श्वास, पक्षाघाताची लक्षणे किंवा प्लीहा एकाएकी वाढून पांडुता येणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. हायड्रॉक्सियुरिया चालू असल्यास ते आपल्या सल्ल्याने बंद होता कामा नये.

औषधालय चालकांस एक विनंती. अशक्तपणासाठी लोहासव मागणाऱ्यास, विशेषतः लहान मुलाकरिता नेणाऱ्यास, ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे काय?’ एवढे अवश्य विचारावे.

१ जुलै २०२३ रोजी आरंभलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने २०४७ हे लक्ष्यवर्ष ठरविले आहे. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. गावातील रुग्ण अनेकदा प्रथम आपल्याच दारी येतो. त्यास योग्य वेळी तपासणीस पाठविणे हाही चिकित्सेचाच भाग होय, असे आम्ही मानतो.