चिरेखाणीवरचं मूलही आपल्याच शाळेचं

ताईंनो, या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं एवढंच विचारा, आपल्या गावातलं कुठलं मूल शाळेबाहेर आहे?

"आमच्याकडे कोण नाय," असं लगेच म्हणू नका. चिरेखाणीवर कामाला आलेल्यांची मुलं मोजलीत का? आंब्याच्या बागेत राखणीला राहणाऱ्यांची?

पाऊस संपला की खाणी सुरू होतात, तोवर शाळेचे प्रवेश होऊन गेलेले असतात. आई म्हणते, दाखला गावी राहिला, जन्माचा कागद नाही. मग मुलगी धाकट्याला सांभाळत खाणीवरच राहते. पण १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सांगतो की ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला आला नाही, उशीर झाला, या कारणांनीही नाही. (आपल्या दापोली-मुरूडचे महर्षी कर्वे लहानपणी परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. त्यांनीच पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं.)

दहा वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेली नसेल, तरी तिला पहिलीत बसवायचं नाही. तिच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला तिला वेगळं शिकवायचं. सगळ्यांना एकच पुस्तक वाटलं म्हणजे समानता झाली, असं मला वाटत नाही. घरी कन्नड बोलणाऱ्या पोराला मराठी धडा समजायला जास्त वेळ द्यावाच लागतो.

हे शाळेत बोलायचं कोणी? आपणच. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे आहेत, पण सही करून परत येतात. पुढच्या सभेत हा विषय लिहून घ्यायला लावा. खाण शाळेपासून लांब असेल तर मुलांच्या जाण्यायेण्याचंही विचारा.

प्रत्येक गटाने वहीत मुलाचं नाव, वय, राहण्याची जागा लिहून ग्रामसंघाच्या बैठकीला आणावी. आणि मे महिन्यात ती कुटुंबं गावी निघाली की आईला आठवण करा, मुख्याध्यापकांकडून दाखला मागून घे. तो लगेच देणं त्यांना बंधनकारक आहे.