उलटसुलट क्रियापदं आणि चिनी विद्यार्थी

पोरी, चिनी मुलांना इंग्रजी शिकवायला निघालीस, तर एवढं वाचून जा. काही इंग्रजी क्रियापदं अगदी उलट असे दोन अर्थ सांगतात आणि अभ्यासू मुलंच तिथे आधी अडकतात — त्यांच्या वहीत एका शब्दापुढे एकच अर्थ घोटून लिहिलेला असतो.

१. सुरुवात त्यांच्याच भाषेतून कर — चिनीत ‘ज्ये’ म्हणजे उसनं घेणंही आणि देणंही. ‘कान-बिंग’ म्हणजे डॉक्टरने रोगी तपासणंही आणि रोग्याने डॉक्टरकडे जाणंही. हे आपल्याही घरी आहे म्हटलं की मुलं सैलावतात.

२. त्या ‘ज्ये’साठी इंग्रजीत मात्र ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ असे दोन शब्द आहेत, ते पहिल्याच आठवड्यात वेगळे करून दे — नाहीतर ‘त्याने मला पुस्तक बॉरो केलं’ हे वाक्य वर्षभर तपासत बसशील.

३. ‘रेंट’ दोन्हीकडून चालतं. देणाऱ्याच्या वाक्यात ‘आउट’ जोडायची सवय लाव — मग घरमालक कोण नि भाडेकरू कोण, हे विचारावं लागत नाही.

४. ‘सँक्शन’ला घाई करू नकोस. तू कर्ज सँक्शन झाल्याचं ऐकत मोठी झालीस. तुझ्या विद्यार्थ्यांना तो शब्द बातम्यांतल्या निर्बंधांमुळे ठाऊक असणार. त्यांना कर्माकडे बघायला शिकव — कर्ज, खर्च, योजना आली तर बहुधा मंजुरी; देश किंवा कंपनी आली तर बहुधा निर्बंध. कर्माची चौकशी केल्याशिवाय क्रियापदाला जावई करू नये!

५. ‘डस्ट’ वहीत कधी एकटं लिहू देऊ नकोस — कपाट डस्ट केलं तर धूळ जाते, केक साखरेने डस्ट केला तर साखर पडते. पूर्ण वाक्य लिहिलं की अर्थ आपोआप लक्षात राहतो.

६. ‘टेबल’ आलं की आधी विचार, बोलणारा कुठला? ब्रिटिश माणूस प्रस्ताव ‘टेबल’ करतो म्हणजे चर्चेला घेतो, अमेरिकी माणूस बाजूला ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे लष्करी अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले आणि दोघांना हवं होतं एकच. चर्चिलने आपल्या युद्धस्मृतींत हे नोंदवलंय. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा किस्सा जरूर सांग — उद्या त्यांच्या बैठकीत दोन्ही देशांची माणसं असतील.

७. ‘क्लीव्ह’, म्हणजे चिरणं आणि चिकटणं, नंतरसाठी ठेव — मुळात ती जुन्या इंग्रजीतली दोन वेगळी क्रियापदं, आणि रोजच्या बोलण्यात फारशी भेटतही नाहीत.

८. मोठ्या विद्यार्थ्यांना ग्वो पूची आठवण करून दे. हा इसवी सन २७६ ते ३२४ मधला चिनी भाष्यकार. शब्द उलट अर्थानेही येतो, हे त्याने तेव्हाच टिपलं होतं. जुन्या ग्रंथांत गोंधळ सांगणारा ‘ल्वान’ सुव्यवस्था लावण्यासाठीही येतो — आपल्याच परंपरेत हा विचार आहे कळलं, की मुलं स्वतःहून उदाहरणं आणतात.

९. ती स्वतः लिहितील तेव्हा मात्र सरळ शब्द वापरायला लाव: मंजुरीला ‘अप्रूव्ह’, पुढे ढकलण्याला ‘पोस्टपोन’ — पत्र वाचणारा अर्थ विचारायला समोर नसतो.