सरोवराकाठची पूररेषा
प्रश्न : सरोवराची पातळी सतत बदलत असेल, तर नियोजनासाठी पूररेषा कोठे आखावी?

उत्तर : एकच रेषा पुरत नाही. उत्तर अमेरिकेतील मिशिगन-ह्यूरन सरोवरांनी जानेवारी 2013 मध्ये नीचांक गाठला, तर 2020 मध्ये अनेक महिन्यांचे उच्चांक मोडले. अशा काठासाठी लायडारने, म्हणजे विमानातून लेसर किरण सोडून, मोजलेली जमिनीची उंची आणि तळाची खोली एकाच संदर्भपातळीवर आणून निरनिराळ्या पातळ्यांचे नकाशे काढावे लागतात. तरीही शांत पाण्याचा नकाशा अपुराच ठरतो, कारण उथळ ईरी सरोवरात नैर्ऋत्येचा वादळी वारा पाणी पूर्व टोकाच्या बफेलो शहराकडे लोटतो, तेव्हा तेथील आणि पश्चिम टोकाच्या टोलेडोच्या पातळीत 2 मीटरहून अधिक फरक पडू शकतो. पंपघराची किंवा रुग्णालयाची जागा ठरवताना हा चढाव आणि लाटांची उसळी नकाशातील पातळीत मिळवलीच पाहिजे.