बाभूळ, चिंच आणि गुलमोहर : शेंगांच्या कुळाची नवी मांडणी

शिक्षक मित्रांनो, शेंगवर्गीय वनस्पतींचं कूळ शिकवताना आपण फुलावरून तीन उपकुळं सांगत आलो. वाटाण्यासारखं, फुलपाखरू बसल्यागत दिसणारं फूल असेल तर पॅपिलिओनॉइडी. बाभळीसारखा पुंकेसरांचा गोंडा असेल तर मिमोसॉइडी. आणि गुलमोहर, बहावा, चिंच, कांचन ही सगळी मंडळी सिसालपिनिऑइडीत. खरं सांगायचं तर हा तिसरा गट म्हणजे उरलंसुरलं भरून ठेवायचा डबाच होता.

2017 मध्ये निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासकांनी मिळून ही मांडणी बदलली. कुळात साधारण 19,500 जाती आहेत. त्यांपैकी सुमारे 3,700 जातींमध्ये हरितलवकातलं मॅट-के हे जनुक तपासून त्यांनी वंशवृक्ष काढला आणि तीनाऐवजी सहा उपकुळं केली. चिंच आणि सीतेचा अशोक गेले डिटॅरिऑइडीत, कांचन-आपटा सर्सिडॉइडीत. बाभूळ, शिरीष, लाजाळू यांची फांदी तर गुलमोहराच्या उपकुळातूनच फुटलेली निघाली, त्यामुळे मिमोसॉइडी हे वेगळं उपकूळ राहिलं नाही. म्हणजे बाभूळ गुलमोहराची जवळची आणि चिंच लांबची!

मग डोळ्यांनी पाहून काही कळत नाही का? कळतं की. फूल बाजूला ठेवा आणि पान बघा. गुलमोहर आणि बाभूळ दोघांचं पान दोनदा विभागलेलं असतं, चिंचेचं एकदाच. कांचनाचं तर मधोमध दुभंगलेलं. पण बहाव्याचं पानही एकदाच विभागलेलं असतं, तरी तो गुलमोहराच्याच उपकुळात आहे. मुलांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एका लक्षणावर नातं ठरवलं की काय होतं, ते इथे दिसतं. म्हणूनच अभ्यासकांनी जनुकाबरोबर पान, फूल, शेंग अशी लक्षणंही पुन्हा तपासली.

पालकांसाठी एक गोष्ट. जुन्या पुस्तकात बाभळीचं नाव अकेशिया नायलोटिका आणि इंटरनेटवर व्हॅचेलिया नायलोटिका दिसलं तर गोंधळू नका, झाड तेच आहे. अकेशिया ही प्रजातीच एका वंशाची नाही असं दिसल्यावर 2005 च्या व्हिएन्ना परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियन झाडांकडे राहिलं. आपला खैर आता सेनेगालिया झाला. परीक्षेत मात्र नेमलेल्या पुस्तकातलं नावच लिहायला सांगा.

वर्गात चारही झाडांची पानं शेजारी शेजारी मांडून हा तास घेता येतो. बाभळीची फांदी तेवढी तुम्हीच आणा, काटे बोटभर असतात.